नऊ टॅग आणि मागच्या दोन खोल्या

मी, खाली अंगठा उठवणारी, वय सत्त्याहत्तर किंवा अठ्ठ्याहत्तर (आई एक सांगायची, वडील दुसरे, आणि आता विचारायला दोघेही नाहीत), धंदा कापडी बाहुल्या आणि त्यांच्या गळ्यातले टॅग करणे, अक्षरओळख नाही, असे लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता सांगत आहे. भीतीच्या दडपणाखाली आहे. पण भाऊजी म्हणतात, कायदा माणसाचे दडपण मोजतो, भीतीचे मोजत नाही. तर तसे लिहा.

लिहिणारे भाऊजी हे माझ्या यजमानांचे मित्र. चाळीस वर्षे कचेरीत कारकून होते, अक्षर सरळ आहे असे लोक म्हणतात. मला सगळ्यांचेच सरळ दिसते. म्हणून मी एक पद्धत ठरवली आहे. भाऊजींनी एक कलम लिहिले की त्यांनी अंगणात जाऊन उभे राहायचे आणि शेजारच्या औषधांच्या दुकानातल्या बाईने आत येऊन ते मला वाचून दाखवायचे. डॉक्टरांची अक्षरे वाचणारी बाई आहे, तिच्यापुढे भाऊजी काही लपवू शकणार नाहीत. भाऊजी रुसले आहेत. "वहिनी, चाळीस वर्षांत माझ्यावर कुणी असा अविश्वास दाखवला नाही," म्हणाले. मी म्हटले, चाळीस वर्षांत तुम्ही वरच्या साहेबाला जे हवे तेच लिहीत होतात. हे वाक्य गाळा म्हणून सांगितले होते. त्यांनी गाळले नाही, हे औषधवालीने वाचल्यावर कळले. म्हणजे पद्धत चांगली आहे.

हे मृत्युपत्र करण्याचे कारण आधीच सांगते. माझ्या मागे माझ्या धाकट्या सुनेला आणि नातीला या घरातून कोणी बाहेर काढू नये, एवढेच कारण आहे. ते कलम सहावे. तिथवर जायला मी घाबरते, म्हणून आधी कात्र्या वाटते.

कलम १. परवा शनिवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. आतली एक झडप नीट मिटत नाही, ती बदलायची आहे. मी आयुष्यभर बाहुल्या उसवल्या आणि पुन्हा शिवल्या. उसवताना माझा हात कधी कापला नाही. आता कळते की भीती उसवणाऱ्याला वाटत नसते. डॉक्टरांना विचारले, टाके कसले घालणार, तर हसले. बोटे लांब आहेत, नखे कापलेली आहेत, हात शिवणाऱ्याचा आहे. मी टेबलावरून उठले नाही तर त्यांना कोणी बोल लावू नये. आत कापूस सापडला तर मात्र मला उठवून विचारावे, कारण कापूस कसा भरायचा ते त्यांना येत नसणार.

हे सगळे मी थट्टेने सांगते आहे, पण तीन रात्री झोप नाही. हेही लिहा.

कलम २. माझ्या दोन कात्र्या आहेत. मोठी कापडाची, काळ्या दांड्याची, आणि छोटी वाकड्या पात्याची, कागदाची. मोठी कात्री धाकट्या सुनेला द्यावी. तिने ती कागदाला लावू नये, धार जाते. छोटी कात्री कोणालाच देऊ नये, ती माझ्याबरोबर जाऊ द्या किंवा भंगारात टाका. कारण पुढे येईल. शिवणाचे यंत्र, सुयांची डबी, बटणांच्या बरण्या, रंगीत दोऱ्यांचा लाकडी खोका, लेसची बंडले, टॅगला भोके पाडायचे टोचे, हे सगळे धाकट्या सुनेचे. निळ्या झाकणाच्या बरणीतली बटणे नातीची, कारण ती आधीच चोरून नेते, मला माहीत आहे.

कलम ३. माझ्या नणंदेने भरतकामाची गोल चौकट नेली त्याला बावीस वर्षे झाली. नेलीच नाही म्हणते. तिच्या बैठकीच्या भिंतीवर त्या चौकटीत स्वतःचा फोटो लावलेला मी दोनदा पाहिला. माझ्या मागे ती परत मागू नये. पण माझा फोटो भिंतीवर लावायची वेळ आली, तर चौकट तिच्याकडून आणावी. बघू देते का.

बाजारातल्या भेटवस्तूंच्या दुकानवाल्या बाईला माझ्या पश्चात एकही बाहुली देऊ नये. ती आमचे टॅग कापून टाकते आणि स्वतःचे छापील लेबल लावते. मी एकदा विचारले तर म्हणाली, "आजी, तुमचे टॅग लोकांना जुनाट वाटतात." मी म्हटले, मीही जुनाट आहे, माझ्यावर लेबल लावतेस का.

कलम ४. टॅग म्हणजे काय ते इथे लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे समजायचे नाही. आमची बाहुली जुन्या कपड्यांची असते. शर्ट, चादरी, पडदे. तिच्या गळ्यात तळहाताएवढी पुठ्ठ्याची पट्टी असते, नात तिला टॅग म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. पुठ्ठ्यावर जुन्या लिहिलेल्या कागदाचे तुकडे खळीने चिकटवायचे, त्यावर कापड, लेस, एखादे बटण, मग दोऱ्याने टाके. कागद आधी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, म्हणजे तो वयात आल्यासारखा दिसतो. यजमान पुस्तके बांधायच्या कारखान्यात होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत रद्दी कागद भरलेले असत, हिशेबाची पाने, जुनी पत्रे, अर्धवट छापलेली पुस्तके. मला वाचता येत नाही, म्हणून मी कागद दिसण्यावर निवडते. अक्षर झुकलेले असले की चांगले. शाई निळसर काळी असली की फारच चांगले.

बाहुली मी करते. टॅग मी करते. पण टॅग बाहुलीच्या गळ्यात शिवण्याचे काम आणि डोळे काढण्याचे काम धाकट्या सुनेचे, कारण मोतीबिंदूनंतर मला बारीक टाका दिसत नाही. म्हणजे माझ्या हातून निघालेला प्रत्येक टॅग तिच्या हातून जातो. तिला वाचता येते. ही गोष्ट मी इतकी वर्षे सहज म्हणून धरली होती. आता तीच गोष्ट मला झोपू देत नाही.

फळीवर अकरा बाहुल्या डोळ्यांवाचून बसल्या आहेत. त्यांचे डोळे सुनेने काढावेत, घाई करू नये.

या सुनेबद्दल दोन शब्द लिहा, भाऊजी. आठ वर्षांपूर्वी माझा धाकटा गेला. नात तेव्हा तीन वर्षांची. सून सकाळी माझ्या आधी उठते, माझ्यानंतर निजते. गेल्या सहा वर्षांत एक दिवस सुट्टी नाही, माहेरी जाऊन राहणे नाही, एक उलट शब्द नाही. मी दहा बायकांत बसून सांगते की अशी सून कोणाला मिळाली नाही. हे कलम औषधवालीने वाचले तेव्हा मी मान डोलवत होते.

कलम ५. हे घर चार खोल्यांचे, माझ्या नावावर आहे, यजमानांनी माझ्या नावावर घेतले. पुढच्या दोन खोल्या माझ्या थोरल्या मुलाला द्याव्यात. तो वाईट नाही. लहानपणी तापात माझा हात धरून झोपायचा. पण धाकटा गेल्यावर तेराव्यापर्यंतसुद्धा थांबला नाही, सगळ्यांसमोर म्हणाला, "तिला माहेरी पाठवा, तरुण आहे, इथे काय करणार?" आणि मागच्या खोल्या भाड्याने देऊ म्हणाला. तेव्हा यजमानांनी कागद लिहिला. मागच्या दोन खोल्या आणि अंगण धाकट्या सुनेला, तहहयात, तिच्यानंतर नातीला. खाली माझा अंगठा. यजमानांनी तो थोरल्याला वाचून दाखवला आणि सुनेलाही. थोरला गप्प बसला. पुढच्या वर्षी यजमान गेले, तरी गप्प बसला, कारण कागद होता.

गेल्या महिन्यात तो एका माणसाला घेऊन आला आणि मोजायची टेप लावून मागच्या खोल्या मोजू लागला. मी विचारले, हे काय? "नुसतं बघतोय गं आई." मग जाता जाता म्हणाला, "बाबांचा तो कागद कुठे आहे? एकदा दाखव ना." मी म्हटले, भाऊजींकडे ठेवलाय.

भाऊजींनी इथे लेखणी खाली ठेवली. "वहिनी, माझ्याकडे?" म्हणाले. हो, भाऊजी. तुम्हाला आत्ता कळते आहे. थोरला उद्या संध्याकाळी येणार आहे, ऑपरेशनसाठी. तुमच्याकडेही येईल. म्हणून आज हे लिहून झाले पाहिजे.

कलम ६. आता सांगते. भाऊजी, मध्ये बोलू नका.

तो कागद नाही. मी कापला.

यजमान गेल्यानंतरच्या दुसऱ्या थंडीत पेटीतला चांगला कागद संपत आला होता. तळाला एक तपकिरी पाकीट होते, त्यात तीन घड्यांचा कागद. अक्षर झुकलेले, शाई निळसर काळी, वळणे अशी की एखाद्याने वेल काढावी. ते यजमानांचे अक्षर होते हे मला कळायला हवे होते. पण मला अक्षर म्हणजे नक्षी. नक्षी कोणाची हे नक्षीवरून मला सांगता येत नाही. मी तो चहात बुडवला. शाई थोडी पसरली, आणखी छान दिसली. त्या एका कागदाचे नऊ टॅग झाले.

तळाला काळा गोल ठसा होता. यजमानांच्या बोटांना कारखान्याची शाई कायम असे, घरात चहाच्या कपापासून उशीपर्यंत त्यांचे ठसे. त्यांचेच बोट असेल म्हणून मी तो छोट्या कात्रीने गोल कापला, टॅगच्या मधोमध लावला आणि त्या रेषांवरून चंदेरी दोऱ्याने बारीक टाके घातले. डोळ्यांना त्रास झाला तरी तो एक टॅग मी मन लावून केला. रेषा किती सुबक होत्या. माझ्याच अंगठ्याच्या होत्या, आणि मी ओळखल्या नाहीत.

टॅग झाला तशी मी सुनेला हाक मारली आणि तिच्या हातात दिला. म्हटले, "बघ, किती छान कापलंय." तिने बघितला. शिवला.

मला हे कळले दोन महिन्यांपूर्वी. एक बाई बाहुली दुरुस्तीला घेऊन आली, कुत्र्याने पाय ओढला होता. टॅग तसाच होता. नात शेजारी बसली होती, म्हणाली, "आजी, हे आजोबांचं अक्षर आहे. आणि यात आईचं लिहिलंय." काय लिहिलंय म्हटले तर तिने वाचले, "'मागील दोन खोल्या माझी धाकटी सून हिजला तहहयात.' तहहयात म्हणजे काय गं?" माझ्या हातातली सुई कुठे पडली ती अजून सापडली नाही. मी तिला म्हटले, तहहयात म्हणजे खूप दिवस. आणि आईला सांगू नकोस, गंमत आहे. पोर मोठी आहे, तिने विचारले नाही, सांगितलेही नाही. तो टॅग मी काढून ठेवला, बाहुलीला दुसरा लावला. तो या मृत्युपत्राला जोडावा. बाकीचे आठ कोणाच्या घरी आहेत, मला माहीत नाही.

दोन महिने मी गप्प आहे. सुनेला सांगावे तर ती म्हणेल मुद्दाम केले. थोरल्याला कळले तर तो म्हणेल कागदच नाही. नवा कागद करावा तर जुना का नाही ते सांगावे लागेल. अशी मी दोन्ही बाजूंनी टाचणी लावल्यासारखी बसले आहे. म्हणून लिहून ठेवते की पुढच्या दोन खोल्या थोरल्याला, मागच्या दोन खोल्या आणि अंगण धाकट्या सुनेला, तिच्या पूर्ण मालकीचे, नुसते तहहयात नाही. आणि ही कागद कापल्याची हकीकत सुनेला मी गेल्यावर वाचून दाखवावी. त्या वेळी मी तिच्या डोळ्यांसमोर नसेन, एवढीच माझी सोय.

औषधवालीचे वाचन इथे थांबले. थांबले म्हणजे तिने कागद मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "काकू, हे मी नाही वाचणार."

"का, अक्षर लागत नाही?"

"अक्षर लागतंय. तुम्ही मेल्यावर त्या बाईला हे वाचून दाखवायचं, ते माझ्याच्यानं होणार नाही. ती मागे बसली आहे. मी बोलावते."

मी नको म्हटले. तिने ऐकले नाही. औषधे देऊन देऊन बाईला लोकांना कडू पाजायची सवय झाली आहे. मागच्या यंत्राचा आवाज बंद झाला तेव्हा मी पदर डोक्यावर ओढला. भाऊजी अंगणातून आत आले आणि पुन्हा लिहू लागले. यापुढचे जसे बोलले गेले तसे लिहा, असे मीच सांगितले.

सून दारात उभी राहिली, दोरा दातांत धरलेला. औषधवालीने कलम सहावे तिला पहिल्यापासून वाचून दाखवले. सुनेने पूर्ण ऐकले. मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हते, पावलांकडे बघत होते. पावले हलली नाहीत.

मग म्हणाली, "आई, मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही हातात दिलात त्या दिवसापासून. मला वाचता येतं ना."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही मला सांगताय."

"काय सांगतेय?"

"की कागद संपला. आता राहायचं तर नीट राहायचं." दोरा तिने दातांतून काढून बोटाला गुंडाळला. "एक नाही, नऊ टॅग दिलेत तुम्ही मला. एकापाठोपाठ. 'मागील दोन खोल्या' एकावर, 'अंगण' एकावर, 'तिच्यानंतर नातीला' एकावर. आणि शेवटी अंगठा. वर म्हणालात, बघ, किती छान कापलंय."

"अगं, मला काय वाचता येतं?"

"वाचता येत नाही हे ठाऊक होतं. पण स्वतःचा अंगठा ओळखता येत नाही, असं कोणाला वाटेल, आई? वरून तुम्ही त्याच्या रेषा भरल्या होत्या. चांदीच्या दोऱ्यानं. मी म्हटलं, या बाईनं किती वेळ काढलाय माझ्यासाठी."

मी म्हटले, "सहा वर्षं?"

"हो."

"आणि एकदाही विचारावंसं नाही वाटलं?"

"विचारायचं काय? तुम्हीच म्हणत होतात की. बाहुलीचा डोळा तिरका आला तर पिशवी भर, जा माहेरी. चहा पांचट झाला तर पिशवी भर. माहेरच्यांचा फोन लांबला तर, भर बाई पिशवी."

"ती थट्टा होती."

"बायका हसायच्या. मीही हसायची. पण भरली होती मी पिशवी."

मला वाटले तीही थट्टा करते आहे. ती मागे गेली आणि पलंगाखालून एक कापडी बॅग ओढत आणली. साखळी उघडली. आत तिचे दोन जोड, नातीचे दोन जोड, कागदपत्रे, साबण, टॉवेल. नातीचे कपडे आत्ताच्या मापाचे. मी विचारले, हे मागच्या वर्षीचे कसे नाहीत? तर म्हणाली, "पोर वाढते. दर सहा महिन्यांनी बदलते मी." नातीचे विटलेले फ्रॉक मी बाहुल्यांसाठी मागायची तेव्हा ती म्हणायची, सापडत नाहीत आई. ते या बॅगेत असायचे. एकामागून एक, पाच वर्षांचे, सात वर्षांचे, नऊ वर्षांचे. ही पोर या घरात निघायच्या तयारीत वाढली आणि मी दहा बायकांत बसून सुनेच्या शिस्तीची तारीफ करत होते.

मी घाबरट आहे हे मला माहीत होते. माझी कोणाला भीती वाटते, हे माहीत नव्हते. परवाच्या टेबलापेक्षा मला या बॅगेची जास्त भीती वाटली. हे असेच लिहा, भाऊजी, नीटनेटके करू नका.

कलम ७. वर कलम चारमध्ये मी सुनेबद्दल जी तारीफ सांगितली ती रद्द करावी. तिचे गुण खरे आहेत, पण त्यांचे मी धरलेले कारण खोटे निघाले.

मृत्युपत्रात एक वाक्य घालायचेच असते असे भाऊजी म्हणतात, की यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते. मी एकही केले नव्हते. म्हणून त्या जागी असे लिहा, यापूर्वी माझ्या धाकट्या सुनेची केलेली सर्व थट्टा मी रद्द करते आणि ती यापुढे कोणी पुराव्यात वापरू नये. भाऊजी म्हणाले, कायद्यात याला अर्थ नाही. मी म्हटले, तुमच्या कायद्यात भीतीलाही अर्थ नाही. लिहा.

कलम ८. मी सुनेला म्हटले, मागच्या खोल्या आजपासून तुझ्या, आत्तापासून. तर भाऊजी मध्ये पडले. "वहिनी, मृत्युपत्रानं आजपासून देता येत नाही. ते तुमच्या मागे लागू होतं." म्हणजे मी जगले तर हिने आणखी काही वर्षे बॅग भरून ठेवायची का? ते म्हणाले, तसे नको असेल तर बक्षीसपत्र करावे लागते, ते हयातीतच लागू होते, नोंदणी कार्यालयात जाऊन. कधी? उद्या शुक्रवार, कार्यालय उघडे आहे, तिथला कारकून त्यांच्या हाताखाली शिकलेला. तर उद्या सकाळी मी गाडीत बसून जाणार. दोन पायऱ्या आहेत म्हणतात. चढेन. दम लागला तर अंगठा पायरीवर घ्या.

थोरला संध्याकाळी येईल तोवर ते झालेले असेल. त्याला मी स्वतः सांगेन. टेप आणली असेल तर पुढच्या खोल्या मोज म्हणेन, त्या तुझ्या.

तरीही कलम सहा खोडू नये. उद्या सकाळपर्यंत झडप टिकते की नाही, पायऱ्या चढवतात की नाही, गाडी येते की नाही, मला सगळ्याची भीती वाटते. बक्षीसपत्र झाले तर कलम सहा वाया जाईल. वाया गेले तर चांगलेच.

हे ठरल्यावर मी सुनेला म्हटले, "आता ती बॅग रिकामी कर."

ती म्हणाली, "उद्या करते, आई. नोंदणी झाल्यावर."

मला राग आला नाही. सहा वर्षे घातलेला टाका एका दुपारी उसवत नाही, ओढला तर कापड फाटते. मी म्हटले, बरं. मग माझी खाट मागे हलवायला सांगितली. भाऊजी आणि औषधवालीने दोन टोके धरली, सुनेने उशी. पुढच्या खोलीत मला एकटे वाटत होते असे कारण सांगितले. खरे कारण, मला ती बॅग नजरेसमोर हवी आहे. हलली तर कळावे.

कलम ९. छोटी कात्री भंगारात टाका म्हणाले होते, तेही सून ठरवेल. ती म्हणते, कात्रीचा काय दोष. पात्याला तेल लावून ठेवली आहे तिने.

वरील सर्व मजकूर मला औषधवालीने दोनदा आणि सुनेने एकदा वाचून दाखवला. सुनेने वाचले तेव्हा एकही शब्द वेगळा निघाला नाही, म्हणून भाऊजींची मी माफी मागते. सुनेला साक्षीदार म्हणून सही करायची होती. जिला मिळते तिने साक्ष करायची नसते, असे भाऊजींनी सांगितले. तिने शाईची पेटी धरली. अंगठा पहिल्यांदा नीट उमटला नाही. दुसऱ्यांदा तिने माझे मनगट धरले.

अंगठ्याची निशाणी, लिहून ठेवणारी: (दुसरी उठलेली निशाणी ग्राह्य धरावी)

साक्षीदार १: औषधांच्या दुकानातली, शेजारीण. सही.

साक्षीदार २: लिहिणारा, निवृत्त कारकून, लिहून ठेवणारीच्या यजमानांचा मित्र. सही.

सोबत जोडलेले: टॅग एक, चहाने रंगवलेला, त्यावर यजमानांच्या हातची एक ओळ.

दिनांक: १४ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारचे साडेचार.

स्थळ: माझ्या सुनेचे घर, मागची खोली. मी तिच्याकडे राहायला आहे.

(लिहिणाऱ्याची टीप: उद्याची नोंदणी होईपर्यंत वरील स्थळ कायद्याने बरोबर नाही. हे मी दोनदा सांगितले. लिहून ठेवणारीने तसेच लिहायला लावले, आणि सुनेने ते मोठ्याने वाचून घेतले.)